वज्रपेटीवर एक बुक्की

राजारामपुरी, कोल्हापूर
१६ ऑगस्ट १९९९

शिवू,

तुझी वज्रपेटी परवा सुखरूप पोचली. ट्रान्सपोर्टचा माणूस ती दारात उतरवून पाणी प्यायला थांबला, तेवढ्यात निम्मी गल्ली गोळा झाली. मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा वर्गातल्या आवाजात सांगितलं, "ही तिजोरी माझ्या भाचीनं केली आहे. पुण्याच्या कंपनीत इंजिनिअर आहे ती. किल्ली नाही, कुलूप नाही. चार आकडे दाबायचे, मूठ फिरवायची, दार उघडलं."

समोरचे गणपतराव आठवतात ना? ट्रॅक्टरच्या स्पेअरपार्टचं दुकान. तू बारावीला माझ्याकडं राहायचीस तेव्हा रिक्षा नाही मिळाली की स्कूटरवरनं तुला कॉलेजात सोडायचे. ते पेटीभोवती एक फेरी मारून म्हणाले, "बाई, किल्लीच न्हाय म्हटल्यावर चोरानं चोरायचं तरी काय?"

त्यांची सून तेजस्वी, राधानगरीची, गेल्या वर्षी लग्न होऊन आली आहे. बी.कॉम. आहे, चुणचुणीत आहे. सगळे पेटीला हात लावत होते, तेव्हा ती एकटी कोपऱ्यात बसून माहितीपत्रक वाचत होती. मग तिनंच सासूला, म्हणजे अंबूबाईंना, आकडे कसे बदलायचे ते शिकवलं. अंबूबाईंनी मुद्दाम चुकीचे आकडे दाबले, पेटीनं शिट्टी मारली, आणि बाई दचकून मागं सरकल्या. "मला बी असलीच पायजे," म्हणाल्या.

गणपतरावांसकट पाच घरांनी माझ्या शब्दावर पेट्या मागवल्या आहेत. मी पस्तीस वर्षं पोरींना विज्ञान शिकवलं, पण गल्लीनं माझं एवढं कधी ऐकलं नव्हतं.

फोन करू नकोस. फोन गणपतरावांच्या हॉलमध्ये आहे, आणि तिथं तुझ्याशी बोलायचं म्हणजे गल्लीशी बोलायचं. पत्र लिही.

तुझी
शांताआत्ती


पुणे
२४ ऑगस्ट १९९९

आत्ती, शरणु शरणार्थी.

तुझं पत्र मी डबा खाता खाता वाचलं आणि शेजारच्या टेबलावरच्यांनाही वाचून दाखवलं. पाच घरं! आमच्या सेल्सच्या माणसाला अख्ख्या सांगलीत एवढी गिऱ्हाइकं मिळाली नाहीत.

आत्ती, पत्रा आणि दार दुसऱ्यांचं, पण आतलं कुलूप माझं आहे. आकडे ओळखणारं सर्किट माझं, आकडा बरोबर आला की खिट्टी मागं ओढणारी कॉइलही माझी. लागोपाठ चुकीचे आकडे दाबले तर पेटी बराच वेळ कुणाचंच ऐकत नाही, हीसुद्धा माझीच कल्पना. मालकांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. नेसरीहून अण्णांचं पत्र आलं, त्यात पावसाबद्दल दोन ओळी आणि माझ्याबद्दल पानभर. तुला ठाऊक आहे, अण्णा पानभर लिहिणारे नव्हेत.

तू मला प्राध्यापक करायला निघाली होतीस. आता राग गेला ना?

शिवलीला


राजारामपुरी
२९ ऑक्टोबर १९९९

शिवू,

हे पत्र एकटीनं वाच. शेजारच्या टेबलावर वाचू नकोस.

दिवाळीची साफसफाई चालली आहे. मी पेटी कपाटातून काढून स्टुलावर ठेवायला गेले. वजनदार आहे, हात घसरला. एक हात मुठीवर होता. पेटी स्टुलावर दाणकन आदळली, मूठ माझ्या हातात फिरली आणि दार उघडलं. मी एकही आकडा दाबला नव्हता.

आधी वाटलं, दार नीट लागलं नसेल. मग लावून, ओढून, खात्री करून पुन्हा बघितलं. एका हातानं मूठ फिरवायला धरली आणि दुसऱ्या हातानं पेटीच्या डोक्यावर बुक्की मारली. पहिल्यांदा नाही उघडली. दुसऱ्यांदा उघडली. नंतर हाताला अंदाज आला आणि मी सांगेन तेव्हा उघडायला लागली.

कारण तुला मी सांगायला नको. खिट्टी उभी आहे आणि तिला फक्त एक नाजूक स्प्रिंग धरून आहे. पेटीला दणका बसला की खिट्टी क्षणभर जागची उडते, आणि त्या क्षणी कुणी मूठ फिरवली तर अडवायला कोणी नाही. बस खड्ड्यातून गेल्यावर आपण सीटवरून उडतो, तसंच. तुझ्या सर्किटला पत्ताच लागत नाही. त्याला कुणी विचारलेलंच नसतं!

दुसरी गोष्ट. सकाळच्या उन्हात बटणं तिरकी बघितली. चार बटणं चकाकत होती, बाकीची मळकट. माझ्या बोटाचं तेल. आकड्यांचा क्रम कळत नाही, पण कुठले चार ते कुणालाही दिसतं. जुन्या स्पीकरचं लोहचुंबकही लावून बघितलं, त्यानं काही झालं नाही. ते तुझं काम पक्कं आहे.

हे शोधताना मला मजा आली, खोटं कशाला सांगू. निवृत्त झाल्यापासून इतका चांगला दिवस गेला नव्हता. पण संध्याकाळी दिवा लावताना त्या पाच घरांची आठवण झाली. त्यांना काय सांगू?

आत्ती


पुणे
४ नोव्हेंबर १९९९

आत्ती,

तुझ्या पेटीची स्प्रिंग ढिली असणार. शेकडो पेट्यांत एखादी अशी निघते. ती परत पाठव, बदलून देते.

बाकीच्यांना कृपा करून काही सांगू नकोस. कंपनीतल्या कुणाला कळलं की माझ्या सख्ख्या आत्तीनं पेटीला बुक्क्या मारून गल्लीभर बोभाटा केला, तर मला इथं तोंड दाखवायला जागा राहणार नाही. घरातली पेटी कपाटात असते आणि कपाट घरात. बुक्क्या मारायला येतंय कोण?

मी मास्तरीण झाले नाही हे तुझ्या मनातून अजून गेलेलं नाही, असं वाटलं. तसं नसेल तर बरं.

दिवाळीला येणार नाही. काम आहे.

शिवलीला


राजारामपुरी
१८ जानेवारी २०००

शिवू,

तुझ्या त्या पत्राला मी उत्तर दिलं नाही, कारण काय लिहावं सुचलं नाही. पेटीही परत पाठवली नाही. तू नको म्हणालीस म्हणून गप्प बसले. आता बसता येत नाही. काय झालं ते सांगते.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला घालायला म्हणून अंबूबाईंनी वज्रपेटी उघडली, तर साज नाही. त्यांच्या सासूचा जुना, गळ्यातला सोन्याचा साज, आणि सोबत पाटल्या. पेटीवर ओरखडा नाही, दार जागच्या जागी. आणि आकडे घरात दोघींनाच ठाऊक होते, अंबूबाईंना आणि तेजस्वीला.

मी तिळगूळ घेऊन गेलते, तेव्हा हॉलमध्ये सगळे उभे होते. अंबूबाई म्हणत होत्या, "पेटीला मुंगी शिरायला वाट न्हाय. शांताबाईंच्या भाचीची पेटी हाय ती. नंबर हिला ठावा आणि मला ठावा. मी न्हाय घेतला. मग ऱ्हायलं कोण?"

तेजस्वी सासूला म्हणाली, "आत्याबाई, मी साजाला हात लावला न्हाय."

"मग पेटीनं गिळला व्हय?"

नवरा विजयसिंह भिंतीला टेकून जमिनीकडं बघत होता. गणपतराव म्हणाले, "पोलिसांत न्हाय जायचं. घरची गोष्ट घरात ऱ्हाऊ दे." म्हणजे त्यांनीही मान्यच केलं. दुसऱ्या दिवशी तिचे वडील आकाराम राधानगरीहून आले आणि तिला घेऊन गेले. भर दुपारी पोरगी बॅग घेऊन गल्लीतनं चालत गेली. प्रत्येक दारात कोणी ना कोणी उभं होतं. मीही होते.

शिवू, तिला चोर ठरवलं ते अंबूबाईंनी नव्हे. तुझ्या पेटीवरच्या विश्वासानं ठरवलं, आणि तो विश्वास मी त्या घरात नेऊन ठेवला होता. येत्या रविवारी मी गणपतरावांकडं जाऊन सगळ्यांसमोर पेटी उघडून दाखवणार आहे. तुझं नाव निघेल. तुझी परवानगी मागत नाही, पण तुझ्या पाठीमागं करायचं नाही म्हणून कळवते.

आणि एक. मास्तरीण न झाल्याचा राग मला कधीच नव्हता. तू केलेली वस्तू मी उलटसुलट करून बघितली, कारण ती तू केली होतीस. दुसऱ्या कुणाची असती तर स्टूल पुसून गप्प बसले असते.

आत्ती


पुणे
२० जानेवारी २०००

आत्ती,

कुरिअरनं पाठवते आहे. शनिवारी मिळेल.

तुझं दिवाळीचं पत्र आलं त्याच संध्याकाळी मी गोदामातल्या पेट्या घेऊन बसले होते. एकही ढिल्या स्प्रिंगची नव्हती आणि एकही टिकली नाही. मॅनेजरांना दाखवलं. ते म्हणाले, "पुढच्या लॉटमध्ये बघू. गेलेल्या पेट्यांबद्दल तोंड उघडायचं नाही." मी घाबरले, आणि तो राग तुझ्यावर काढला.

रविवारी तू गणपतरावांकडं जाऊ नकोस. मी जाते. सकाळी कोल्हापुरात उतरते. कुलूप माझं आहे, बुक्की मारणारा हातही माझाच हवा. तू त्याच वेळी राधानगरीला तेजस्वीकडं जा. तिथं कुणीतरी आधी पोचायला हवं, आणि ती तुला ओळखते. घराची किल्ली शेजारी ठेव.

शिवलीला


पुणे
२५ जानेवारी २०००

आत्ती,

तुझी माझी भेट झाली नाही, म्हणून सगळं लिहिते.

मी गेले तेव्हा गणपतराव पेपर वाचत होते. "अगं शिवलीला! ये की. कवा आलीस?" त्यांना वाटलं मी सहज भेटायला आले. अंबूबाईंनी तिळगूळ पुढं केला. मी तो हातात धरला, खाल्ला नाही. म्हटलं, "काका, आधी पेटी बघायची आहे."

पेटी आतल्या खोलीतून आणली. विजयसिंहनं उचलून टेबलावर ठेवली. मी बटणांकडं तिरकं बघितलं आणि म्हटलं, "काकू, तुमच्या नंबरात दोन, पाच, सात आणि नऊ आहेत."

अंबूबाईंनी तिळगुळाची वाटी खाली ठेवली. "तुला कुणी सांगितलं?"

"तुमच्याच बोटांनी. तीच बटणं चकाकतात. हळदीकुंकवाला, पूजेला, माझी पेटी बघायला म्हणून इथं जो कोणी आला असेल, त्यालाही हे दिसलं असेल. पण त्याला एवढीही गरज नव्हती."

मी टॉवेल हाताला गुंडाळला, मूठ धरली आणि वरून बुक्की मारली. नाही उघडली. आत्ती, खरं सांगू? त्या एका क्षणी मनातून वाटलं, नकोच उघडू दे! दुसरी बुक्की मारली. दार उघडलं.

विजयसिंह पुढं आला. "मला बघू," म्हणाला. मी दार लावलं. त्यानं कशीबशी मूठ धरली आणि जोरात हाणली. तिसऱ्या दणक्याला उघडलं. तो उघड्या दाराकडं बघत उभा राहिला, आणि मग तिथंच खाली बसला, डोकं हातात धरून.

गणपतराव म्हणाले, "पोरी, हे तुझ्या कंपनीला ठावं होतं?"

"हो. आणि मलाही, दिवाळीपासून. आत्तीनं शोधून काढलं. मीच तिला गप्प बसायला सांगितलं."

वाटलं, आता शिव्या बसतील. पण बोलल्या अंबूबाई, आणि त्या माझ्याशी बोलतच नव्हत्या. "म्हंजे पेटी कुणीबी उघडतंय. पन म्हणून आमची सून चोर न्हाय, असं कसं?"

गणपतराव उठले. इतके सावकाश उठले की मला भीती वाटली. "सून चोर हाय असं म्हणायला आपल्याकडं काय हुतं? ही पेटी हुती. दुसरं काय हुतं? कायबी न्हाय." मग विजयसिंहला म्हणाले, "ऊठ. जीप काढ."

ते गेल्यावर मी बाकीच्या चारही घरी जाऊन दाखवलं. एका घरी चहा मिळाला. कोपऱ्यावरच्या धोंडुबाईंनी दारातूनच इतकं सुनावलं, की पुढच्या घरी मला सुरुवात करावीच लागली नाही, त्यांना सगळं ऐकू गेलं होतं.

सोमवारी मालकांच्या टेबलावर पेटी ठेवली आणि तेच केलं. ते म्हणाले, "आधी मला सांगायचं सोडून गिऱ्हाइकांना सांगितलंस?" मी म्हटलं, "आधी तुमच्या मॅनेजरांना सांगितलं होतं." मॅनेजरांना बोलावलं. ते नाही म्हणाले नाहीत. मालकांनी गोदामाला कुलूप लावायला सांगितलं, साधं, किल्लीचं. आणि विकलेल्या प्रत्येक पेटीच्या मालकाला पत्र जायचं ठरलं. खाली सही कोण करणार, असा प्रश्न आला तेव्हा सगळे पेनाकडं बघायला लागले. मी केली.

डिझाइनचं काम माझ्याकडून काढलं. नवी खिट्टी दुसरा करणार. मला मालक म्हणाले, "इथून पुढं प्रत्येक मॉडेल आधी तुझ्या टेबलावर येईल. बुक्की, चुंबक, तेलकट बोट, तुला सुचेल ते कर. तुझ्या हातून उघडलं, तर ते बाहेर जाणार नाही." मॅनेजर माझ्याशी बोलत नाहीत. पण आज पहिलं मॉडेल आलं टेबलावर, आणि आत्ती, बटणांवरचं बोटाचं तेल उमटतं का बघायला मी हळदीची चिमूट घेऊन बसले तेव्हा मला तुझ्यासारखीच मजा आली.

साज कुणी नेला, ते मात्र मला सांगता आलं नाही.

शिवलीला


राजारामपुरी
६ फेब्रुवारी २०००

शिवू, माझे बाई,

तुझं पत्र मी आधी स्वतः वाचलं, मग नेसरीला अण्णाला पाठवलं. आता माझी बाजू ऐक.

त्या रविवारी मी राधानगरीला पोचले तेव्हा तेजस्वी गोठ्यात म्हशीची धार काढत होती. मी तिथंच उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तिनं धार पुरी केली, बादली बाजूला ठेवली आणि विचारलं, "बाई, तुम्हाला कधीपासून ठाऊक होतं?"

"दिवाळीपासून."

ती आत गेली. मला वाटलं, आता बाहेर येत नाही. ती चहा घेऊन आली. "घ्या," म्हणाली. "पोटात ठेवून बसणारी माणसं जास्त असतात. तुम्ही एस.टी. धरून आलात." शिवू, मी आयुष्यात बरेच सत्कार घेतले. त्या चहाच्या कपाची सर एकालाही नाही.

दुपार कलली तेव्हा जीप आली. गणपतराव आकारामांसमोर हात जोडून उभे राहिले. "पावणं, चूक झाली. पोरगीला न्यायला आलोय."

आकाराम काही बोलायच्या आत तेजस्वी म्हणाली, "मामंजी, तुम्ही आलात, तुमचा मान मोठा. पण मला चोर म्हटलं आत्याबाईंनी. न्यायला त्यांनी यायचं." मग नवऱ्याकडं वळली. "आणि तुम्ही त्या दिवशी काय म्हणालात? काही न्हाय. माझ्या ध्यानात तेवढंच ऱ्हायलंय."

विजयसिंह म्हणाला, "मग मी हितंच ऱ्हातो. तू येशील तवा येतो." आणि खरंच राहिला. गणपतराव एकटेच जीप घेऊन परतले. स्पेअरपार्टच्या दुकानाचा वारस पुढचे दिवस सासऱ्याच्या गोठ्यात शेण काढत होता. म्हशीनं त्याला एकदा लाथही मारली म्हणे. आकाराम मला सांगताना फार खुशीत होते.

इकडं अंबूबाई हटून बसल्या. "साज सापडू दे, मग बघू." पोलिसांत तक्रार झाली, पण साज सापडला नाही, अजूनही नाही. मी त्यांच्याकडं गेले नाही. गणपतरावांनीही भांडण काढलं नाही. त्यांनी पेटी हॉलच्या मधोमध तशीच ठेवून दिली. आलं-गेलं माणूस विचारायचं, "हीच का ती?" आणि एक बुक्की मारून बघायचं. दिवसभर घरात दणके. आणि प्रत्येक दणक्याला अंबूबाई स्वयंपाकघरात दचकायच्या. शुक्रवारी त्या स्वतःच माझ्या दारात आल्या. "शांताबाई, चला माझ्यासंगं. मला एकटीला तिच्यासमोर बोलता यायचं न्हाय."

काल सकाळी आम्ही गेलो. अंबूबाई उंबऱ्याबाहेरच थांबल्या. "माझं चुकलं बाळ," म्हणाल्या. "साज गेला त्याचं दुःख मोठं हुतं, म्हणून तुला ल्हान केलं."

तेजस्वीनं त्यांना आत घेतलं, पाणी दिलं. मग म्हणाली, "आत्याबाई, चोर अजून सापडला न्हाय. उद्या सापडला तर बरंच. पण तो सापडायची वाट बघून मी निर्दोष ठरणार असंन, तर मी येत न्हाय. आज, चोर सापडल्याबिगर, तुम्ही मला न्यायला आलाय असं म्हणा."

अंबूबाईंनी म्हटलं. शब्दन् शब्द तसाच म्हटला.

"आणि जीप दारापतूर न्यायची न्हाय. कोपऱ्यावर थांबवायची. मी ज्या गल्लीतनं गेलते, त्याच गल्लीतनं उजेडात चालत येणार. तुम्ही माझ्यासंगं."

तसंच झालं. भर दुपारी जीप कोपऱ्यावर थांबली. पुढं सासू-सून, अंबूबाईंनी तिचा हात धरलेला. मागं विजयसिंह बॅग घेऊन, त्याच्या मागं मी. प्रत्येक दारात माणूस होतं. कुणी हाक मारली नाही, पण बायका दारातनं खाली उतरून उभ्या राहिल्या. तेजस्वी सरळ मान ठेवून चालली. घाई नाही, हसू नाही.

धोंडुबाई त्यांच्या पायरीवर होत्या. माझ्याकडं बघून म्हणाल्या, "बाई, तुमच्या पोरीला म्हणावं, नवी पेटी करशील ती आधी स्वतः फोडून बघ, मग आमच्याकडं धाड."

मी म्हटलं, "धोंडुबाई, आता तिची नोकरीच ती हाय!"

आणि हे मी इतक्या मोठ्यानं म्हटलं, की पुढं चाललेली तेजस्वी वळली आणि पहिल्यांदा हसली.

तुझी
आत्ती